एकाच आडनावाचे वाचक

जगातल्या यच्चयावत देशांच्या कादंबऱ्यांतल्या माणसांशी माझ्या आत्याचा घरोबा आहे आणि डोंबिवलीतल्या निम्म्या माणसांशी अबोला. दोन्हींचं कारण एकच, इंग्रजीत भाषांतर झालेल्या कादंबऱ्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या तिच्या मैत्रिणींनी भिशी लावली, भजनी मंडळ धरलं. हिने हंगेरी, जपान, कोरिया धरले. लग्न तिने केलं नाही. विचारलं तर म्हणते, "एवढी माणसं सांभाळतेय, त्यात आणखी एक कुठे?"

आता वाचतेस तर वाच ना गुपचूप! पण नाही. भाषांतरकाराचं नाव दिसलं नाही की हिचा पारा चढतो. वाचनालयात पुस्तकांना खाकी कव्हर घालून वर लेखकाचं नाव लिहितात. त्याखाली ही स्वतःच्या पेनाने भाषांतरकाराचं नाव लिहिते, लेखकापेक्षा ठळक. माझ्या साखरपुड्यात तिने कुठल्याशा हंगेरियन कादंबरीचा विषय काढला, तेव्हा माझे चुलतसासरे सहज म्हणाले, "भाषांतरात मूळची मजा नाही हो." आत्याने हातातली बशी खाली ठेवली. "मूळ हंगेरियनमध्ये आहे. येतं तुम्हाला?" ते गृहस्थ अजून आमच्याकडे यायच्या आधी फोन करून आत्या आली आहे का ते विचारतात. बरं, भाषांतरकारांची एवढी बाजू घेते म्हणून त्यांना तरी सोडते का? एका मराठी कादंबरीच्या इंग्रजी भाषांतरात भाकरीचा ब्रेड झाला, तर हिने मला ऑफिसात फोन केला. "परातीत ब्रेड थापलाय रे याने! ब्रेड!" मी आपलं म्हटलं, भाषांतर वाईटच दिसतंय. झालं, माझ्यावरच उखडली. "वाईट कोण म्हणालं? सासू जाते ते पान वाच. मराठीत वाचताना मी रडले नव्हते, इंग्रजीत रडले."

आणि मग वाचनालयाने तिच्या कपाटावरच घाला घातला. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका वाढवायची होती, म्हणून जी पुस्तकं कुणी नेत नाही ती मार्चअखेर काढून टाकायचं ठरलं. खिडकीजवळचं भाषांतरित कादंबऱ्यांचं कपाट आत्याशिवाय कुणी उघडत नसे, आणि तिला एका वेळी दोनच पुस्तकं मिळत. तिने आठवड्याभरात अख्ख्या खानदानाला सभासद करून टाकलं. कोलशेतहून मी आणि माझी बायको, कल्याणचे काका-काकू, एवढंच काय, खडवलीचा चुलतभाऊसुद्धा, ज्याने दहावीनंतर पंचांगाखेरीज काही उघडलं नव्हतं. नुसतं पुस्तक नेऊन भागत नसे. ते परत करताना ती वाचनालयाच्या दारातच परीक्षा घेई. "शेवटी त्या विधवेचं काय झालं?" मी ठोकून दिलं, "लग्न झालं." "फाशी झाली तिला!" म्हणत तिने पुस्तक पुन्हा माझ्या हातात कोंबलं.

मार्चअखेर कपाट जवळजवळ रिकामं होतं आणि पुस्तकं आमच्या घरोघरी होती. आत्या मला साक्षीदार म्हणून घेऊन विजयी मुद्रेने कार्यवाहांसमोर बसली. त्यांनी नोंदी चाळल्या आणि ते हसू लागले. "अहो बाई, या सगळ्या वाचकांचं आडनाव एकच आहे!" "मग? आमच्या घरात वाचतात हा काय गुन्हा आहे?" शेजारी बसलेले समितीचे दोघेही हसले. मला त्यांचं हसणं फार झोंबलं. माझं स्वतःचं पुस्तक विसाव्या पानावर अडलेलं होतं, तरी झोंबलं. कपाट गेलंच. कार्यवाहांनी एवढी मेहेरबानी केली की जी पुस्तकं ज्याच्याकडे आहेत ती त्याने ठेवून घ्यावीत.

तेव्हापासून ती ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन वाचते. कल्याणच्या काकूशी तिचं वर्षानुवर्षं फक्त माझ्यामार्फत बोलणं होतं. आता त्यांच्याकडे जेवते आणि दुपारभर वाचत पडते. रविवारी आमच्याकडे येते. बाल्कनीत खुर्ची टाकून बसते आणि भाषांतरकाराची चूक सापडली की आतल्या खोलीपर्यंत ऐकू येईल अशी ओरडते. परवा बायको म्हणाली, "आत्या, पुस्तकं घेऊन जा ना घरी, तुमचीच तर आहेत." आत्या पदराने चष्मा पुसत राहिली.

"घरी नेली तर मग इथे कशाला येऊ?"

हे ती तिच्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली नाही. बायको चहा टाकायला उठली.

हल्ली आत्याचं आमच्याकडचं तिसरं पुस्तक चालू आहे, आणि ती पूर्वीपेक्षा फार सावकाश वाचते. एका सभासदाला दोनच पुस्तकं देण्याच्या त्या दळभद्री नियमामुळे आमच्या घरी फक्त चार आली, याचा मला आता भयंकर संताप येतो.