फारप्लानकाकांचं लिमा

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये आम्हा मराठी मंडळींपैकी कुणी प्रवासाला निघालं, की आधी काकांना फोन करायचं. कुठली गाडी, कुठला प्लॅटफॉर्म, ती चुकली तर पुढची कुठली, हे सगळं ते कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून देत. मोबाइलवर दिसतं की, असं कुणी म्हटलं तर शांतपणे सांगत, "मोबाइल गाडी दाखवतो. चुकल्यावर धीर कुठून आणायचा, ते नाही दाखवत." फारप्लान म्हणजे वेळापत्रक, म्हणून आम्ही त्यांना फारप्लानकाका म्हणायचो. मूळचे सांगलीचे, केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे.

काकू गेल्यावर चार वर्षांनी त्यांनी पेरूमधल्या लिमाला जायचं ठरवलं. त्यांची एकुलती एक मुलगी सई लग्न करून तिथे स्थायिक झाली होती. काकांनी शहराचा भलामोठा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पुढचं वर्षभर तो तिथेच राहिला. ताट त्याच्या कडेला ठेवून जेवायचे. दर मंगळवारी फोक्सहोखशूलच्या, म्हणजे प्रौढांसाठीच्या शिक्षणकेंद्राच्या वर्गात तरुण मुलामुलींच्या शेजारी बसून स्पॅनिश शिकायचे. "आल्झो, तर मग, लिमात पाऊस जवळजवळ नाहीच," मला सांगत, "पण जूनपासून धुकं. म्हणजे डिसेंबर बरा." विमान माद्रिदला बदलायचं, तिथे चार तास हाताशी ठेवायचे. विमानतळावरून सईच्या घरी जायचे तीन रस्ते त्यांनी काढले होते.

डिसेंबर आला नि गेला. मग काका म्हणाले, मार्च. मार्च जवळ आला तेव्हा म्हणाले, स्पॅनिश अजून कच्चं आहे.

एका रविवारी दुपारी ते तिथल्या टॅक्सीबद्दल सांगत होते. मी सहज विचारलं, "काका, टॅक्सी कशाला? सई येईल ना घ्यायला? कळवलंत ना तिला?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

"नाही," ते म्हणाले. "पाच वर्षं होत आली, आमचं बोलणं नाही."

काकूंच्या अंत्यसंस्काराचा टेरमीन, म्हणजे दिवस आणि वेळ, ठरला होता आणि सईचं विमान एक दिवस लांबलं. एक दिवस थांब, असं ती फोनवर रडून सांगत होती. काका थांबले नाहीत. "वेळ बदलून मिळाली असती. मी विचारलंच नाही," ते म्हणाले. "ठरलेलं हलवायची सवयच नव्हती मला." सई पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. दोन दिवस राहून ती परत गेली.

मी म्हटलं, "तिकडे आत्ता सकाळ असेल, काका. करा फोन."

त्यांनी माझ्यासमोरच स्पीकरवर लावला. "सई, बाबा बोलतोय," ते म्हणाले, "माझं चुकलं गं."

पलीकडून ती जर्मनमध्ये बोलली. लहानपणापासून वडिलांना ती जर्मनमध्येच उत्तर द्यायची. बाबा, कधी येतोस, एवढंच तिनं विचारलं.

एप्रिलमध्ये ते लिमाला गेले. तीन आठवड्यांनी मी त्यांना फ्रँकफुर्टहून आणायला गेले, तेव्हा गाडीत ते सांगू लागले. "चार दिवस ती इकडचं तिकडचं बोलली. पाचव्या दिवशी मला समुद्राकाठी घेऊन गेली आणि म्हणाली, आता त्या दिवसाचं सांग. आईला कुठली साडी नेसवली होती, कोण कोण आलं होतं, सगळं. दिवस मावळेपर्यंत सांगत होतो."

"मग?"

"मग घरी गेलो. तिनं खिचडी केली." थोड्या वेळानं म्हणाले, "माफ केलंस का, असं मी विचारलं नाही."

त्यानंतर काका दीड वर्ष होते. दर रविवारी सईचा फोन यायचा. शेवटच्या रविवारी ते हॉस्पिटलमध्ये होते, डोळे मिटलेले, बोलणं थांबलेलं. सईचं विमान संध्याकाळी निघणार होतं, म्हणून तिनं आधी फोन केला. मी तो त्यांच्या कानाशी धरला. बाजारातून काय आणलं, तिच्या धाकट्या मुलीचा पहिला दात कसा पडला, ती सांगत होती. हात भरून आला तसा मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

ती बोलत असतानाच काका गेले. मी तिला लगेच थांबवलं नाही. तिचं सांगणं पुरं होऊ दिलं.