पाठ फिरवून ऐकलेली रेस

नवऱ्याचं नाव घेतलं की आमच्या सासूबाई अजून डोळे वटारतात, पण मी घेते. सांडू. शहागडला हायवेच्या कडेला ह्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान, आन् त्याला चिकटूनच माझी चहाची टपरी. गाडी दुरुस्त व्हायला उशीर लागतो तो फक्त ह्यांच्या तोंडामुळं.

दुकानाच्या भिंतीवर ह्यांनी ऑईलपेंटनं एक यादी रंगवलीय. जगातल्या रेसच्या सगळ्यात भारी दहा गाड्या. सतरा वर्षं लागोपाठ जिंकलेली इटलीची एमव्ही अगुस्ता, भल्याभल्यांना हवेत उडवणारी होंडाची टू-स्ट्रोक पाचशे, सुझुकी, यामाहा, डुकाटी. आन् सगळ्यांच्या वर एक नंबरला होंडाचीच जुनी अडीचशे, सहा सिलिंडरची. एकेक सिलिंडर माझ्या कटिंगच्या ग्लासाहून बारीक! हे मी पण आता झोपेतून उठवलं तरी सांगते, इतकं ऐकलंय. यादीवर कुणी वाद घातला की त्याची गाडी सगळ्यात शेवटी. भोकरदनकडचे राजानंद मास्तर एकदा म्हणाले, डुकाटीच एक नंबर. त्यांची स्प्लेंडर दिवस मावळेपर्यंत चाकाविना उभी होती आन् मास्तर माझ्याकडं सहा चहा पिऊन बसले. माझा धंदा झाला, मी कशाला बोलू?

ह्यांनी ह्यातली एकबी गाडी डोळ्यानं बघितलेली न्हाई. बघायची हौसच न्हाई मुळात. ह्यांना ऐकायच्या असतात. माझे सासरे परमेश्वर मेंढ्या राखायचे. अंधारात नुसत्या बेंबाटण्यावरून कोणती मेंढी, ते बराबर सांगायचे. तोच कान ह्यांना आला. गाडी चालू करा म्हणतात, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे बंद. आन् मंग सांगतात काय बिघडलंय ते.

तोच कान जायला लागला. डावा तर कधीचाच बंद झाल्ता, लोकाला कळू दिलं न्हाई एवढंच. दोन वर्षांमागं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा बी निम्मा गेलाय. मोठ्या आवाजापासून लांब राहा, न्हाईतर तो बी हातचा जाईल. घरी आलो. मंग हे म्हणाले, "रेणुका, सप्टेंबरात दिल्लीकडं मोटो जीपी हाय, जगातली सगळ्यात मोठी रेस. कान हाय तोवर एकदा ऐकून येतो."

माझं डोकंच फिरलं. बिलकुल न्हाई म्हणलं. कान गेला तर दुकान गेलं, आन् दुकानाचं राहू द्या, मी हाका कुणाला मारू? वीस वर्षं ह्या माणसाशी बोलतेय. चार दिवस घरात भांडी आपटली. शेवटी तह झाला: जायचं, पण मी संगं येणार, आन् कानात बोळे घालूनच बसायचं. गणपती बसल्ता, तो जावेच्या, नंदाबाईच्या हवाली केला आन् जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस धरली.

तिथली गर्दी काय सांगू! सगळे रस्त्याकडं डोळे लावून बसलेले, आन् आमचं ध्यान रस्त्याकडं पाठ करून! तेराशे किलोमीटर येऊन तोंड मागच्या भिंतीकडं, डोळे मिटलेले. बाजूची पोरं फिदीफिदी हसून राह्यली होती. मला लाज वाटली, तेवढाच रागबी आला, हसणाऱ्यांचा.

गाड्या सुटल्या. आईशप्पथ, माझ्या छातीत हबकेच बसले. मी ह्यांच्याकडं बघितलं. स्पंजाचे बोळे दोन्ही कानात ठासून भरलेले, शब्दाला पक्का माणूस. पण तोंड असं झाल्तं, जसं पंगतीत बसवून ताटावर झाकण ठेवलंय. निम्मी रेस झाली. मला ते बघवेना. मीच हात घातला आन् उजव्या कानातला बोळा उपसून काढला.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, पुन्हा मिटले. आन् मंग बोट वर करून मोजायला लागले. डुकाटी. डुकाटी. केटीएम. ही यामाहा, हिचे सिलिंडर एका रांगेत, म्हणून आवाज येगळा. मी वळून बघायचे, बराबर निघायचं. एकबी चुकली न्हाई. हसणारी पोरं जवळ सरकून ह्यांनाच इचारायला लागली, आन् मला इतका आनंद झाला की काय सांगू.

परतीच्या गाडीत मी पाणी देऊ का म्हणून इचारलं. उत्तर न्हाई. भोपाळला इचारलं, भुसावळला इचारलं. उजव्या कानाशी जाऊन ओरडले तर सगळा डबा माझ्याकडं बघायला लागला, हे मात्र खिडकीतून बाहेर बघत बसलेले. मी तोंडाला पदर लावून रडले.

जालन्याच्या डॉक्टरांनी मला झाडलं, गोळ्या दिल्या, वाट बघा म्हणाले. आठ दिवस गेले. हे दुकानात बसायचे, गाड्यांना हात लावून बघायचे, आन् परत पाठवायचे. यादीवर बोलायचे न्हाईत. मी चहा नेऊन द्यायचे आन् खुणेनं सांगायचे, घ्या.

नवव्या दिवशी सकाळी नंदाबाई आल्ती. हे पाठ करून कुणाच्या तरी गाडीचा प्लग काढून राह्यले होते. मी ग्लास इसळता इसळता तिला हळूच सांगितलं, स्वतःलाबी नीट ऐकू जाणार न्हाई असं, की बोळा मीच काढला गं, त्यांनी शब्द मोडला नव्हता, ह्यांचा कान मीच घालवला.

"बराबर काढलास," मागून आवाज आला. हे वळलेबी न्हाईत, प्लगच पुसत होते.