एका क्रियापदावरचा संसार

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसणारच तुम्ही, तेव्हा आधी तो चहा संपवा, उगाच शर्टावर सांडेल.

कारखान्यानं मला व्हीआरएस देऊन घरी बसवलं, तेव्हाची गोष्ट. पुण्यात कॉल सेंटरं धडाधड उघडत होती आणि ज्याला त्याला इंग्रजी बोलायचं होतं. मला इंग्रजी येत होतं असं नाही, पण इतरांना माझ्याहून कमी येत होतं. पुण्यात क्लास काढायला एवढी पात्रता पुरते. बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीवरची खोली घेतली आणि पाटी लावून टाकली.

माझी पद्धत सोपी. इंग्रजीत क्रियापदं ढीगभर, पण गरजूला एकच पुरतं, ते म्हणजे 'गेट'. त्याच्यापुढे विशेषण ठेवा, माणसाचं काहीतरी होतं. गेट अँग्री, रागावतो. गेट टायर्ड, थकतो. गेट वेट, भिजतो. नाम ठेवा, काहीतरी मिळतं. गेट अ जॉब, गेट अ लेटर. खाली गिरणी चालू असायची, एकट्यादुकट्याचं बोलणं ऐकूच यायचं नाही, म्हणून सगळे मिळून पाढ्यासारखं ओरडायचे. गिरणीवाला म्हणायचा, "सर, माझ्या गिऱ्हाइकांचंपण पाठ झालंय."

इंटरव्ह्यूसाठी मी एक परिच्छेद लिहून दिला होता. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" असं विचारलं की घाबरायचं नाही, तो म्हणून टाकायचा. आता उदाहरणं कुठून आणणार? आणली स्वतःचीच. "आय गेट अप ॲट फाइव्ह. आय गॉट अ जॉब इन अ फॅक्टरी. आय गॉट मॅरिड इन बिबवेवाडी. माय वाइफ गेट्स अँग्री. आय गेट टायर्ड. नाऊ आय ॲम गेटिंग बाल्ड." म्हणजे पाचला उठतो, नोकरी लागली, लग्न झालं, बायको रागावते, मी थकतो आणि आता टक्कल पडतंय. अख्खा संसार एका क्रियापदावर उभा केला की नाही?

हिनं वही वाचली आणि म्हणाली, "टकलाचं खरं आहे. पण मला राग येतो की आणला जातो, तेवढं दुरुस्त करा."

यात माझ्याकडून एकच सांगायचं राहिलं. 'प्रत्येकानं आपापली माहिती घाला.' मला वाटलं, एवढं काय कळणार नाही? पण आपण सगळे निबंध पाठ करून वाढलेले. आमच्या वर्गात 'माझे वडील' या विषयावर साठ मुलांनी एकच वडील लिहिले होते. ते गाइडमधले होते आणि फार कष्टाळू होते.

या बॅचमध्ये नीलिमा नावाची मुलगी होती. यवतमाळकडची, वारज्याला भावाच्या खोलीवर राहायची. तीन इंटरव्ह्यू हुकले होते. वडिलांचा निरोप आला होता, दसऱ्यापर्यंत नोकरी लागली तर राहा, नाहीतर परत ये, स्थळ पाहून ठेवलंय. पोरगी जीव ओतून यायची, पण पाठांतर म्हणाल तर शून्य.

"सर, मले ध्यानातच राहत नाही जी. अर्ध्यातच तुटते," ती म्हणायची.

"शंभरदा म्हण," हे माझं उत्तर. बाकीचे आज ना उद्या कुठेतरी चिकटले असते. हिला मात्र बाडबिस्तरा गुंडाळावा लागला असता, आणि ते माझ्या जिवाला लागून राहिलं होतं.

इंटरव्ह्यू येरवड्याला होता. बारा जणांना घेऊन मीच गेलो आणि बाहेरच्या सोफ्यावर ऐटीत बसलो. पहिला मुलगा पाच मिनिटांत बाहेर. "सर, एक शब्द अडला नाही." दुसरा, तिसरी, तसंच. चौथा आत गेल्यावर मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी दार उघडून शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना आत बोलावलं. सहाव्याला आणखी दोघं गेले. आठव्याला चहा द्यायला गेलेल्या मावशी बाहेरच येईनात. काचेपलीकडून हसण्याचे आवाज येत होते. मी शेजारच्या एका पालकाला सांगितलं, "पद्धत आमची आहे. छाप पडतेच."

अकराव्यानंतर मॅडम स्वतः बाहेर आल्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, सरळ डोक्याकडे पाहिलं.

"अच्छा, म्हणजे तुम्हीच का ते?"

"हो, मीच," मी अभिमानानं म्हणालो.

"पाचला उठता?"

"रोज."

"आणि मिसेसचा राग आता कसा आहे?"

माझा हात आपोआप टकलाकडे गेला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अहो, सकाळपासून अकरा जणांचं लग्न बिबवेवाडीत झालंय. त्यातल्या चार मुलींना बायका आहेत. आणि एकोणीस वर्षांच्या पोरालाही टक्कल पडतंय आणि वेणी घातलेल्या पोरीलाही."

आता एकटी नीलिमा उरली होती. "नीलिमा, थांब, ते म्हणू नकोस," असं मी ओरडेपर्यंत ती मॅडमच्या मागून आत गेली होती आणि दार बंद झालं होतं. त्या दारासमोर मी जितके देव आठवले, तितके माझ्या लग्नातही आठवले नव्हते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंचवीस झाली. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"सर, लग्नापाशी तुटलं," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, 'यू टू?' मंग माह्या तोंडातून निघूनच गेलं, 'नो मॅडम. धिस इज माय सर्स लाइफ. आय ॲम ओन्ली नीलिमा.'"

त्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, मग नीलिमाचं सांग. तिनं तुटक्यामुटक्या इंग्रजीत गाव सांगितलं, भाऊ सांगितला, शेवटी म्हणाली, "आय गेट स्केअर्ड, बट आय डोन्ट गो होम." बारा जणांतून तिला एकटीला घेतलं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच रडलो. बाकीचे अकरा माझ्याकडे बघत होते, त्यांचं रडं वेगळं होतं.

आता शहाणा माणूस यातून काय शिकला असता, ते तुम्हाला कळलंय. मी तिला विचारलं, "नेमकं काय म्हणालीस? सावकाश सांग." आणि शब्द न् शब्द लिहून घेतलं. सिद्ध झालेलं उत्तर होतं ते. पुढच्या बॅचला फळ्यावर लिहून दिलं आणि महिनाभर गिरणीच्या वर घोकून घेतलं.

त्या बॅचचा इंटरव्ह्यू झाला त्याच दुपारी मॅडमचा फोन आला.

"सर, आज तुमचे नऊ जण येऊन गेले. त्यात दिगंबर म्हणून एक होता. सहा फूट उंच, तालमीतला."

"हो, गुणी मुलगा आहे."

"तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, 'आय ॲम ओन्ली नीलिमा.' मग बाकीचे आठही तेच म्हणाले."

मी धीर करून विचारलं, "उच्चार कसे होते?"

"उच्चार उत्तम. सर, एक विनंती करू का? मुलं पाठवत राहा, पाटीही राहू द्या. फक्त त्यांना काही शिकवू नका."