कुणाची गाडी

ग्रीसचा वास आला की हिंदी मुलखातल्या आमच्या शहरातलं, भेलूपुरातलं ते गॅरेज आठवतं. सकाळीच बाबांनी गाडी दुभाजकावर घातली होती, पण त्यांना साधं खरचटलंही नव्हतं. मेकॅनिकने पुढचं चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवलं, तर ते खडखडलं. खाली टॉर्च मारत तो म्हणाला, "लोअर आर्म मुड़ गया है, शॉकअप भी लीक है. बदलना पड़ेगा." एवढ्यावरच निभावलं म्हणून मला हायसं वाटलं. तेवढ्यात शेजारी वाकून चाक बघणाऱ्या बाबांनी मला हळूच विचारलं, "फारच ठोकलीय रे बिचाऱ्याने. कुणाची गाडी?" मला थट्टाच वाटली, पण त्यांच्या चेहऱ्यावर खरी हळहळ होती. गाडी आठवड्याभरात नीट झाली. जन्मभर घरात मराठीच बोललेले बाबा आता माझ्याशी हिंदीत बोलतात, परक्याशी बोलावं तसं. 'भैया' म्हणून हाक मारतात, आणि मी ओ देतो.