गोळी खाईन कोन?

गोळ्यांची पट्टी ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, पण सोडायचे नाहीत. एक टोक तुमच्या चिमटीत, दुसरं त्यांच्या. मग चष्म्यावरून बघत विचारायचे, "खाईन कोन? अन् खाल्ल्यावर करन काय?"

घाटंजीच्या बाजारात तुम्ही कधी सर्दीची किंवा खाजेची ती छोटी पिवळी गोळी घेतली असेल, तर ही ओढाताण तुम्हीही केली असेल. त्यांचं औषधाचं दुकान आणि माझं शिवणकामाचं, मध्ये एक भिंत. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो.

मला त्यांचा भारी राग यायचा. कापडाच्या धुळीने मी दिवसभर शिंकायची, आणि गोळी मागितली की यांचं सुरू.

"मशीनवर बसाचं हाय?"

"मंग काय झुल्यावर बसू?"

"त मंग रात्री जेवून खा. आता खाल्ली त झोपेत बोट शिवून घेशीन. अन् सकाळी डोकं जड वाटलं त मशीनले हात लावू नोको."

एकदा एक बाई कडेवर लेकरू घेऊन आली. तिला कापूस वेचायला जायचं होतं, पोर झोपून राहिलेलं बरं, म्हणून गोळी हवी होती. भाऊंनी पट्टी परत कपाटात ठेवली. "लेकराले झोपवाले मांडी असते, बाई. गोळी नसते." कुणाच्या तोंडाला दारूचा वास आला, की सरळ हात जोडून त्याला वाटेला लावायचे. मागे उभे असलेले लोक वैतागायचे. मीही भिंतीपलीकडून ओरडायची, "द्या ना भाऊ, परीक्षा कायले घेता!"

खरं तर मी ओरडायला नको होतं. ही सवय त्यांना कशी लागली, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाजाराच्या दिवशी तांड्यावरचे लोक एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येतात. त्यांच्यात एक म्हातारी आहे. तिला सगळे याडी म्हणतात. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ज्याला जे होतंय त्याने ते याडीला सांगायचं, आणि सगळ्यांची औषधं याडीने एकटीने घ्यायची, अशी त्यांची रीत. त्या दिवशी तिने खाजेची गोळी मागितली. भाऊ तेव्हाही विचारायचे, पण एवढंच, "गाडी चालवाची नाही ना?"

"बाप्पा! मी कायले गाडी चालवू?" याडी हसली. भाऊ हसले. भिंतीपलीकडे मीही हसले.

गोळी तिच्या मुलासाठी होती. ट्रॅक्टर तोच चालवायचा. त्याने ती बाजारातच चहासोबत खाल्ली, आणि परतताना त्याचा डोळा लागला. ट्रॅक्टर नाल्यात उलटला. ट्रॉलीतल्या माणसांचं खरचटण्यावर निभावलं. तो गेला.

भाऊंनी चार दिवस दुकान उघडलं नाही. उघडलं तेव्हा माझ्या दारात येऊन उभे राहिले. "मी इचारलं होतं ना, ताई? तुनं आयकलं. पण चुकीच्या मानसाले इचारलं."

महिन्याभराने याडी आली. कुणाच्या तरी सर्दीसाठी तीच गोळी हवी होती. भाऊंनी पट्टी पुढे केली, पण मान वर केली नाही. काही विचारलंही नाही. याडीने पट्टीचं एक टोक धरलं आणि ओढलंच नाही.

"इचार," ती म्हणाली.

भाऊ पट्टीकडेच बघत राहिले.

"इचार मले. खाईन कोन, थे इचार. खाऊन काय करन, थे बी इचार. तू इचारल्याबिगर मी नेत नाही."

भाऊंनी विचारलं. विचारता विचारता रडले. तिने एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं आणि गोळ्या घेऊन गेली. माफ केलं, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही, नंतरही कधी नाही. पण दुकान तिने बदललं नाही.

भाऊ मागच्या उन्हाळ्यात वारले. दुकान दुसऱ्याने घेतलं. माणूस वाईट नाही, पण त्याला घाई फार. परवाच्या बाजाराला याडी काठी टेकत आली. त्याने पट्टी तिच्या हातावर ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. याडी हलली नाही. तिने पट्टी तशीच त्याच्यासमोर धरली.

"काय झालं आजी, बदलून पाहिजे का?"

"धर. तिकडून धर."

तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी दारात उभी होते. "धरा हो," मी म्हटलं, "अन् इचारा, गोळी कोन खाईन म्हणून."

त्याने टोक धरलं. विचारलं.

"नातू खाईन," याडी म्हणाली. "ट्रॅक्टर आता थोच चालवते. म्हणून घरी गेल्यावर देईन, जेवण झालं की. अन् उद्या मी त्याले ट्रॅक्टरवर बसू देणार नाही."

मग तिने पट्टी ओढून घेतली, ओढणीच्या टोकाला बांधली, वर अजून एक गाठ मारली आणि ट्रॉलीकडे चालू लागली.