आवतण दुसऱ्याच्या तोंडी

“जित्ता हाईस का खपलास रं? का बायकू गेली ती तुजी वाचा पन घिऊन गेली?”

अंगणाखालच्या रस्त्यावर कुणीतरी बोंबलत होतं. समोरच्या डोंगरावरच्या शेळ्यांनी माना वर केल्या. वरंधा घाटात एखाद्या टेम्पोवाल्यानं आपल्यालाच हाक आली समजून ब्रेक मारला असेल, तरी मला नवल वाटणार नाही. मी उंबऱ्यात पाय पसरून बसलो होतो. विहिरीच्या पायरीवर शेवाळावरून घसरून घोटा सुजला होता. किती? शेजारी दुधी भोपळा ठेवला असता तर काकडी वाटला असता.

आवाज ओळखला. आधी दार लावून घ्यावंसं वाटलं, मग आनंद झाला. याच क्रमानं.

हा माझा लहानपणापासूनचा मित्र. शिरवळकडं कंपनीत लागला आणि गेला, तो कितीक वर्षं फिरकला नव्हता. आता कंपनीनं घरी बसवलेला, पाठीवर बॅग, केस पांढरे. आल्या आल्या माझ्या घोट्याकडं बघून म्हणाला, “कुनी इचारलं तरी का रं तुला?”

विचारलं होतं. शेजारच्या काकीनं सकाळीच हळद उगाळून पाठवली होती. पण त्यानं तसं विचारल्यावर ती हळद मला एकदम थोडी वाटायला लागली.

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला. एसटी येते, पण तिच्या मनावर. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात गेली, ती नातू शाळेत जायला लागला तरी तिकडंच. मी घरात एकटा. एकटा म्हणजे किती, तर म्हशीला मी माझ्या शिकारीच्या गोष्टी सांगायचो आणि वाघ आला की ती तोंड फिरवायची. बायकोनं जाताना निकाल सांगून ठेवला होता, “यंदा इर्जिकीला मानसं आली तर ऱ्हावा तिथं. न्हाई आली तर कुलूप लावा आन् हिकडं या.” पुण्यातल्या त्या चौथ्या मजल्यावर मी एकदा राहून आलोय. शेजारचं दार उघडतं ते फक्त कचऱ्याचा डबा ठेवायला.

इर्जिक म्हणजे सगळ्या वाडीनं एकाच्या शेतात एक दिवस राबायचं आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आज तुझं, उद्या माझं. लावणीला एकट्या माणसाचा निभावच लागत नाही. पण त्याचं आवतण मालकानं आदल्या दिवशी स्वतः दारोदार जाऊन द्यायचं असतं. मोबाईलवर दिलेलं चालत नाही, आणि आमच्याकडं रेंज पाण्याच्या टाकीपाशीच येते म्हणून तर अजिबातच नाही. उंबऱ्यावर टेकायचं, चहा घ्यायचा, “उद्या या बरं” म्हणायचं. तेवढं झालं की काम पक्कं.

माझी रोपं लावणीला आली होती आणि घोटा असा.

“तू बस,” मित्र म्हणाला. “म्या सांगून येतो सगळ्यास्नी. मला काय वाडी नवी हाय व्हय?”

आणि मी बसलो. आमच्यातलं पोरसुद्धा असं आवतण दुसऱ्याच्या तोंडी देत नाही. पण त्यानं ‘तू बस’ म्हटलं की बसायची मला जुनी सवय.

ही सवय कशी लागली तेही सांगतो. तरुणपणी पारावर मी गोष्ट सांगायला लागलो की सगळ्यात आधी हसायचा हा. दाद अशी द्यायचा की ऐकणाऱ्यांना कावळ्यानं गवा उचलल्याचंसुद्धा खरं वाटावं. मग घरी परतताना खांद्यावर हात टाकून हळूच म्हणायचा, “तुज्या गोष्टीला न्हाई हसत रं ते. तुला हसत्यात.” अमका असं म्हणाला, तमकी तसं म्हणाली. मी एकेकाच्या दारावरून मान खाली घालून जायला लागलो. शेवटी पार सुटला, आणि ऐकायला राहिला तो एकटा. मग तोही शिरवळला गेला.

त्यानंतर मला माणसांत परत आणलं ते चिखलानं. मी प्रत्येकाच्या इर्जिकीला जायला लागलो. लावणी करताना प्रत्येकानं आपली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याचा पट्टा, आणि वाकून मागं मागं सरकत रोपं खोवत जायची. मी पात धरली की बाया म्हणायच्या, “हां, सोडा आता वाघ.” वाघ सोडायचो. कमरा दुखायच्या विसरायच्या. वाफा संपायचा तरी वाघ संपायचा नाही.

तर, इर्जिकीचा दिवस उजाडला. काकीचा मोठा टोप मित्रानं आदल्या दिवशीच मागून आणलेला. कोंबड्याचा रस्सा केला, भात केला. रश्श्याचा वास पार भोरच्या स्टँडवर गेला असणार. चिखलणी झालेली, रोपांच्या मुठी बांधावर. धुकं होतं. धुक्यातून कुणीतरी येतंय असं चार वेळा वाटलं. चारी वेळा काकीचा बोकड.

दुपार झाली. बांधावर मी, शेजारी मित्र.

“सांगितलंस ना नीट?”

“पाया पडायचं ऱ्हायलं निस्तं.” त्यानं खांद्यावर हात टाकला. “म्या तुला तवाच सांगत हुतो. तोंडावर गोड बोलत्यात. तुजं कोन हाय हितं, सांग? म्या हाय का न्हाई?”

“हाईस.”

“मग झालं. मानसं काय करायचीत? दोगं लावू जमंल तेवडं.”

त्या वेळी मला भीती कशाची वाटली असेल, तर त्या हाताची नाही. तो हात बरा वाटला, याची. टोपभर अन्न निवत होतं, माझा पुण्याचा चौथा मजला ठरला होता, आणि मी एखाद्या पाडसासारखा त्या हाताखाली गप बसलो होतो. तो मात्र पोटभर जेवला. रस्सा जमलाय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकी टोप न्यायला आली. मित्र ओढ्यावर गेला होता. काकी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. “आले का तुमचं मजूर?”

“कसलं मजूर?”

“कामथडीकडनं टेम्पो भरून बाया येनार हुत्या न्हवं? तुमीच निरोप धाडला. वाडीच्या बायांच्या पाती सापावानी वाकड्या, त्यांनी घरी बसा म्हनून.”

“काकी, म्या असं म्हनंन?”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “सापावानी, हे तुमचंच वाटलं. म्हनून खरं धरलं.”

खोटं त्याचं होतं, पण शिवलं होतं माझ्या मापानं. आणि मग पारावरचे ते सगळे अमके-तमके आठवले. ते खरंच काय म्हणाले होते, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

मित्र ओढ्यावरनं आला, तेव्हा मी असा ओरडलो की त्याची आल्या दिवशीची हाक म्हणजे मांजराचं म्यांव वाटावं. “का केलंस? तुजं काय घोडं मारलं हुतं म्या?”

त्यानं नाही म्हटलं नाही. टॉवेल पिळला, दोरीवर टाकला. “मानसं असली की तू माज्याकडं बगत न्हाईस,” म्हणाला.

एवढंच. दुपारच्या एसटीनं तो गेला. टॉवेल तसाच राहिला.

मी काठी घेतली आणि दारोदार गेलो. जन्मात पहिल्यांदा मीठमसाला न लावता घडलं तसं सांगितलं, आणि नेमकं तेच कुणाला खरं वाटेना. “बरी रचलीय,” एकजण म्हणाला. चहा काही घरांत मिळाला, काही घरांत नाही. “उद्या या बरं” मात्र मी प्रत्येक उंबऱ्यावर म्हणालो.

आले. सगळे नाही, निम्मेच. काकी आली. सुजल्या पायानं मीही चिखलात उतरलो आणि तिच्या शेजारची पात धरली. पाऊस डोक्यावर घेतलेल्या प्लास्टिकच्या कागदांवर वाजत होता. लावणीचं काम इतकं मुकं मी कधी पाहिलं नव्हतं. “वाघ सोडा” असं कुणीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघितली. अर्धा वाफा झाला. कुणी म्हणेना. शेवटी मीच घसा खाकरला.

“काकी, एकदा काय झालं, म्या वरंध्याला गेलतो—”

तिनं मान वर केली नाही.

“आदी पात सरळ धरा,” म्हणाली.