पाठ ताठ, मान वर

कवायत मास्तर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. शाळेतली पोरं गेली, घरातली पांगली, हुकूम सोडायला उरली एकटी बायको. ती एका कानाने ऐकायची, दुसऱ्याने सोडून द्यायची.

मग जिन्याखाली मांजराचं पिल्लू सापडलं. आई गाडीखाली गेलेली. दात नुकते फुटलेले, म्हणजे दूध सुटून बशीला लागायचे दिवस. बायकोने कोंबडीचा तुकडा मऊ शिजवला, कुस्करून सरसरीत केला. तोच मास्तर पुढे सरसावले.

"दे इकडे. जन्मभर पोरांना वळण लावलंय मी."

वळण म्हणे! देवाने पाय दिले चार, आणि यांनी त्याला बसवलं दोनांवर. मांडीत उभं धरलं, मान वर केली, चमचा सारला. "पाठ ताठ! मान वर!" घरातली पोरंही अशीच जेवली होती बिचारी, घास घशात अडकेस्तोवर ताठ. पिल्लाला ठसका लागला, नाकातून पाणी आलं.

"शिस्त नाही याला."

"अहो, नाकात जातंय त्याच्या! माराल एखाद्या वेळी."

"तू मध्ये बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी पिल्लू मलूल. पोट पाठीला लागलेलं, चमचा दिसला की तोंड फिरवायचं. मास्तरांनी शिट्टी फुंकून पाहिली. उपाशी जिवाला शिट्टी! पिल्लू जे कपाटाखाली शिरलं ते शिरलंच. बायकोने बशी फरशीवर ठेवली, पिशवी उचलली.

"बाजारातून येईन, तेव्हा ते जिवंत दिसलं पाहिजे. तुमचं तुम्ही बघा."

परत आली तर मास्तर फरशीवर पालथे. पिशवी दारातच टाकून ती धावली. मग दिसलं, हनुवटी बशीला टेकलेली, मिशीला लगदा, आणि हा जन्माचा ताठ माणूस जीभ बाहेर काढून चाटून दाखवतोय! शेजारी पिल्लू चारी पायांवर, मान खाली घालून लपालप खात होतं. मास्तरांकडे बघायला त्याला फुरसत नव्हती.

शिट्टी गळ्यात नव्हती, खुंटीला होती. बायकोचा हात तिकडे गेला, मग आवरला.

"मास्तर," ती म्हणाली, "पाठ ताठ!"

"हळू बोल गं," मास्तर पडल्या पडल्या पुटपुटले. "जेवतंय ते."

"बरं. उठाल तेव्हा मिशी पुसा."